आधी पाणी, मग नाव-गाव
भीमाशंकरच्या डोंगरातील एका गावाची भेट

चौदा एप्रिलची जयंती आटोपली, मुलांच्या परीक्षा संपल्या आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वस्तीतील तीन कुटुंबांनी मिळून जुन्नर-आंबेगावकडे जाण्याचे ठरविले. मोठी माणसे सात, मुले पाच. सर्वांत वयस्कर आमची आई. तिने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. "उन्हाळ्यात डोंगरात काय ठेवलंय?" असे ती म्हणाली खरी, पण निघायच्या दिवशी पिशवी भरून सर्वांच्या आधी तीच दारात उभी. या प्रवासात सांगण्यासारखे जे घडले ते तिच्याच बाबतीत घडले, म्हणून हा लेख.

पहिला मुक्काम जुन्नर. मुलांना बौद्ध लेणी दाखवावयाची हा मुख्य हेतू होता. लेण्याद्री, शिवनेरी, तुळजा लेणी, मानमोडी अशी चहूबाजूंच्या डोंगरांत मिळून येथे दोनशेच्या आसपास लेणी आहेत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून जाणारे बहुतेक लोक अष्टविनायकापैकी एका गणपतीच्या दर्शनाला जातात. ज्या दालनात तो गणपती आहे ते मूळचे भिक्खूंचे विहार, आणि शेजारीच खांबांचे सुंदर चैत्यगृह आहे. कल्याणच्या एका उपासकाने ते दान दिल्याचे तिथे कोरले आहे. मुलांनी चैत्यगृहात पंचशील म्हटले तेव्हा आवाज असा घुमला की धाकटी पोर घाबरून आजीला बिलगली.

पोढी म्हणजे काय?

दुपारी मानमोडीच्या डोंगरावर गेलो. या डोंगरावर लेण्यांचे तीन गट आहेत, त्यांतल्या एकाचे नावच भीमाशंकर गट असे पडले आहे. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाचा लेख तेथे आहे. त्यात वर्ष ४६ दिले आहे. शकाची गणना धरली तर ते इ. स. १२४ होते. या अमात्याने काय दिले? एक मंडप आणि एक पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. जुन्नरच्या लेखांत ही पोढी पुन्हा पुन्हा भेटते. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. आदुथुम नावाच्या शक उपासकाने शेतजमिनी लावून दिल्या, कुठल्या गावी करंजाच्या झाडाजवळची वीस निवर्तने, कुठे वडाजवळची नऊ, असा त्याचा हिशेब दगडावर आहे.

यवन आणि शक म्हणजे बाहेरून आलेली माणसे. कल्याणच्या बंदराकडून नाणेघाट चढून तांडे या गावात येत. परक्या मुलखातला माणूस येथे आला, आणि जाताना त्याने पाणी आणि जेवणाची जागा मागे ठेवली. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रवासी आम्हांला फार मोठा वाटला. आमच्याच पायांशी त्या टाक्याच्या काठावर चिप्सची पाकिटे आणि प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या होत्या. त्या आजच्या प्रवाशांनी मागे ठेवलेल्या.

आई टाक्याच्या काठी बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलांना म्हणाली, "मी तुझ्याएवढी असताना बाबांबरोबर बाजाराला चालत जायचे. वाटेत तहान लागली तर गावच्या विहिरीपासून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओंजळीत ओतायचा. नाही आली तर तसंच पुढं."

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा असाच एक प्रवास लिहून ठेवला आहे. नोकरीनिमित्त दूर असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी भावाभाच्यांबरोबर ते साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा घ्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट पैसे कबूल केले तेव्हा एकाने गाडी दिली, पण हाकायची मुलांनीच. जवळ जेवण होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून ती मुले उपाशी झोपली. प्रवास म्हणजे मौज असे आज आपली मुले समजतात. आपल्या माणसाला प्रवास म्हणजे परीक्षा होती, आणि तिचा पहिला प्रश्न पाण्याचा होता.

डोंगराकडे

दुसऱ्या दिवशी घोडेगावमार्गे डिंभे धरणाच्या बाजूने वर निघालो. आमच्यातील एकाच्या कंपनीतील सहकारी त्या डोंगरातला. "भीमाशंकरला जाताय तर माझ्या आईला भेटून या," असे त्याने सांगितले होते. वाटेत एका टपरीवर चहा घेतला. तेथे बसलेल्या एका गृहस्थाने गोड बोलून विचारले, "कुठले पाहुणे? आडनाव काय?" आम्ही आडनाव सांगितले. गृहस्थ "बरं बरं" म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोके घातले. एवढेच. कोणी काही वावगे बोलले नाही. पण आईने हातातला चहा अर्धा तसाच ठेवला.

डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. मुलांना मुद्दाम सांगितले, की याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा मुलगा मुंबईच्या गिरणीत कामगार होता, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहून त्याने प्राण दिले. या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच पाण्यात गेले.

फाट्यावर पोचायला आम्हांला उशीर झाला. वरच्या वाडीकडे जाणारी गाडी निघून गेली होती, तेव्हा चालत निघालो. ऊन मी म्हणत होते. तासाभरात बाटल्या रिकाम्या झाल्या. मुले रडकुंडीला आली, आईचे पाय लटपटू लागले. शेवटी एका वळणावर कौलारू घर दिसले. अंगणात हिरडे वाळत घातले होते आणि एक म्हातारी ते हाताने पसरत होती. आमचे जायचे घर हे नव्हते. पण तिने आम्हांला पाहिले, हातातले काम टाकले, आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. सरळ आईपाशी गेली आणि तांब्या तिच्या हातात दिला.

आईने तांब्या धरला, पण तोंडाला लावला नाही. म्हणाली, "बाई, आम्ही कोण ते आधी विचारा तरी."

म्हातारी म्हणाली, "तान लागलीया न्हवं? मंग पी की बाय. नाव-गाव काय, बसल्यावर सांग."

आई प्यायली. डोळे पुसले की घाम पुसला, ते आम्हांला दिसले नाही.

हिरडा, पडकई आणि गाळपेर

त्या पडवीत आम्ही संध्याकाळपर्यंत होतो. जयभीम म्हणून नाव-गाव सांगितले. आजीनेही सांगितले, "आमी महादेव कोळी." मग तिने चूल पेटविली. नको नको म्हणत असता नाचणीच्या भाकरी, कांदा आणि लाल चटणी पुढे आली. आमच्या बायकांनी परात ओढून भाकरी थापायला घेतल्या. मुलांनी हिरडे वेचून पसरले.

हिरडा म्हणजे या डोंगराची रोकड. झाडावरून कोवळी फळे झोडून काढायची आणि उन्हात काळी होईपर्यंत वाळवायची. हा झाला बाळहिरडा, औषधाला जातो. पावसाळ्यापूर्वी हातात येणारा हाच पैसा, त्यावर बी-बियाणे आणि मुलांचे दप्तर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातील हिरड्याची झाडे पाडली. "भाताचं पीक गेलं तर पुढल्या साली येतं. हिरडा गेला तर नातवाच्या येळंला येईल," आजी म्हणाली.

खाली उतारावर पायऱ्यांसारखी भातखाचरे होती. त्याला इकडे पडकई म्हणतात. उतारावर माती अडवून, दगडाचे बांध घालून सपाट जागा तयार करावयाची. हे काम एका घराचे नव्हे. आज सगळी वाडी एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. पैसा द्यावयाचा नसतो, श्रमाची फेड श्रमाने. आमच्यातील एक गवंडीकाम करणारे बंधू ते बांध हाताने चाचपून म्हणाले, "सिमेंटशिवाय असा दगड बसवणं सोपं नाही."

आणि पाणी? जो तांब्या आईच्या हातात आला होता, त्याचे पाणी कोठून आले ते आम्हांला नंतर कळले. सून रोजगाराला नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या मळ्यात गेली होती, मुलगा चाकणच्या कारखान्यात. सुट्टीला घरी आलेली आश्रमशाळेतील नात पहाटे उठून खालच्या झऱ्यावरून दोन हंडे आणते. उन्हाळ्यात झरा बारीक होतो, हंडा भरायला वाट पाहावी लागते. समोर दरीत जलाशय चमकत होता. ते पाणी कुकडी प्रकल्पातून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडच्या शेतांकडे जाते. तेथील शेतकरीही शेतकरीच, त्यांना पाणी मिळू नये असे कोण म्हणेल? पण ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली त्यांच्या डोक्यावर हंडा आहे. "माझं म्हायेर तितं खाली हाय," आजीने बोट दाखविले. "उन्हाळ्यात पानी लई आटलं तर जुन्या भिताडांचे दगड दिसत्यात."

धरणग्रस्त मात्र हात बांधून बसले नाहीत. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत ते पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. जलाशयात मासेमारीही करतात. या हक्कांसाठी कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने आदिवासींबरोबर वर्षानुवर्षे काम केले. त्या कामाला २०१२ साली राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

एक फोटो

निघताना आमच्याकडून एक चूक झाली. आमच्या मुलाने न विचारताच मोबाईलवर आजीचा फोटो काढला. आजीने पदर तोंडावर ओढला. नात पुढे झाली आणि शहरी मुलीसारखी ठणकावून म्हणाली, "सगळे येतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हांला कधीच बघायला मिळत नाही. आमच्या आजोबांचा एकसुद्धा फोटो घरात नाही."

आम्ही खजील झालो. मुलाने माफी मागितली. मग रीतसर विचारून, आजीला नवे लुगडे नेसू देऊन, आई आणि आजी शेजारी-शेजारी बसवून फोटो काढला. आईने नातीकडून पत्ता वहीत लिहून घेतला. पाण्या-जेवणाचे पैसे आजीने घेतले नाहीत. आईने हट्टाने पाच किलो बाळहिरडा बाजारभावाने विकत घेतला. ते मात्र आजीने मोजून घेतले, कारण तो तिचा माल होता. दान आणि व्यवहार यांतला फरक त्या दोघींना आमच्यापेक्षा चांगला कळत होता.

ज्या घरी जायचे होते तेथे अंधार पडता पडता पोचलो. भीमाशंकरचे देऊळ, अभयारण्यातील शेकरू, भीमा नदीचा उगम हे सर्व तिसऱ्या दिवशी पाहिले. हीच भीमा पुढे कोरेगावच्या जयस्तंभाजवळून वाहते हे ऐकून मुलांना नवल वाटले. पण घरी परतल्यावर शेजाऱ्यांना सांगताना आईने त्यातले काही सांगितले नाही. तिने फक्त तांब्याचे सांगितले.

प्रत्येक गावात असाच तांब्या पुढे येतो असे आम्ही म्हणणार नाही. टपरीवरचे ते वर्तमानपत्रही याच रस्त्यावरचे. पण ज्या घरात पाणी सर्वांत महाग होते त्या घराने ते न विचारता दिले, हे आमच्या मुलांनी पाहिले. बुद्धाने दानाची थोरवी सांगितली ती याच अर्थाने असावी.

फोटो मोठा करून, चौकट बसवून, आठ दिवसांत पोस्टाने रवाना केला. महिन्याभराने नातीचे पत्र आले. फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावला आहे, आणि येणारा-जाणारा विचारतो, "ही दुसरी म्हातारी कोण?" आजी सांगते, "माझी बहीण. मुंबईला असती."

जाणाऱ्यांसाठी थोडेसे : पुण्याहून नारायणगावमार्गे जुन्नरला एस. टी. जाते, मुंबईकरांना माळशेज घाटाचा रस्ता आहे. भीमाशंकरला मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गे जाता येते. उन्हाळ्यात गेल्यास पाणी माणशी दुप्पट घ्यावे, म्हणजे कोणाच्या झऱ्यावर भार पडणार नाही. रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. हिरडा, नाचणी, तांदूळ गावातच विकत घ्यावा आणि भाव पाडू नये. फोटो विचारून काढावा, आणि पाठवतो म्हटले तर पाठवावा.