रकाना नसलेलं पाणी

पहाटे ५.३०

बर्फाच्या लाद्या थर्माकोलच्या खोक्यात टाकतो. रोजच्या बाटल्या प्लास्टिकच्या. क्षार, कठीणपणा, नायट्रेट त्यांत जातं. आज सोबत दोन काचेच्या, गडद तपकिरी, वरून पोळ्यांचा फॉइल गुंडाळलेल्या. टीएनटी या स्फोटकाला उजेड सोसत नाही. ते उतरलेलं पाणी उन्हात राहिलं की गुलाबी होतं आणि मूळ रसायन मोडत जातं. मशीनपर्यंत पोचेस्तोवर मोजायला काय उरेल याचा भरवसा नाही.

"फॉइल पुन्हा संपवला?" स्वयंपाकघरातून आवाज येतो. अमरावतीतल्या माझ्या छोट्या प्रयोगशाळेचं बरंच सामान याच स्वयंपाकघरातून जातं.

सकाळी ८.००

चांदूर रेल्वे, धामणगाव मागे पडतं. वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, कपाशी बदलत नाही. सीतादहीची पूजा होऊन वेचणी लागली आहे.

नदीपलीकडे पुलगाव, लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर तिथे आग लागली. अधिकारी आणि अग्निशमनाचे जवान मिळून किमान १६ जण गेले. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होतं, असं पुढे आलं. मग २० नोव्हेंबर २०१८. सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर नष्ट करायला आणलेला दारूगोळा उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतले रोजंदारही होते.

दोन्ही वेळा माणसं मोजली गेली. मी जातोय ते पाण्यासाठी.

सकाळी ९.३०

त्याच भागातल्या शेतातली विहीर. मोटर दहा मिनिटं चालू देतो, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ देतो. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरतो, हवेचा बुडबुडा ठेवत नाही. मीटर बुडवतो.

"टीडीएस चांगला आहे काका."

"टीडीएस नाही इचारला म्या. बारूद उतरली काय पाण्यात, थे सांग."

थे सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक म्हणजे आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात शिशाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, नायट्रेटला ४५ ची आहे. टीएनटी आणि आरडीएक्स यांचा रकानाच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं दोन्हींसाठी आजन्म पिण्याच्या पाण्याची सल्लामर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचशेवा भाग. टीएनटी मातीला बऱ्यापैकी चिकटून बसतं. आरडीएक्स तसं थांबत नाही, पाण्यासोबत खाली उतरतं. म्हणून वरची माती चांगली दिसली तरी विहिरीची खात्री देता येत नाही.

"म्हणजे खराब आहे?"

"तसं नाही म्हणत काका. चांगलं आहे असंही म्हणत नाही. तपासल्याबिगर कसं बोलू?"

"मंग तपास ना बाप्पा."

दुपारी १२.१५

एका कार्यालयात अर्ज घेऊन बसलोय. समोरचे साहेब सज्जन आहेत, चहा सांगतात. अर्ज दोनदा वाचतात.

"काम चांगलं आहे. पण खर्च टाकू कोणत्या हेडखाली?"

घर पडलं, वीज पडली, माणूस गेला, तर मदतीचं हेड सापडतं. जमिनीत काय मुरलंय ते पाहायचं हेड त्यांना वहीत सापडत नाही, मला सुचत नाही. मी दूषित स्थळांच्या नियमांचा कागद पुढे सरकवतो, जुलै २०२५ चा. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. जिल्हा प्रशासनानं संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा. घाण ज्यानं केली त्यानं साफसफाईचा खर्च द्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर केंद्र आणि राज्यानं मिळून भार घ्यायचा.

"भांडाराच्या बाबतीत शोधायचं काय आहे?" मी म्हणतो. "मालक सरकार, पैसे देणारंही सरकार."

साहेब हसतात. "म्हणूनच तर अवघड आहे. एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकायचं, तर पहिला हात कोणी घालायचा? आणि यादीत यायला आधी रिपोर्ट लागेल."

रिपोर्टला तपासणी लागते, तपासणीला पैसे लागतात, पैशाला हेड लागतं. चहा संपतो.

दुपारी ३.३०

बडनेऱ्यावरून अकोल्याचा रस्ता. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून विश्वविक्रम झाला. गाडी गुळगुळीत पळते, बाटल्याही वाजत नाहीत.

साहेबांचं हेड डोक्यातून जात नाही. अमेरिकेत १९८० मध्ये दूषित जागांच्या सफाईचा सुपरफंड कायदा आला आणि १९८६ च्या दुरुस्तीनं लष्करी जागांच्या सफाईला वेगळं खातं मिळालं. खातं असल्यानं काम लगेच उरकत नाही, तिथेही वर्षानुवर्षं रेंगाळतं. पण दरवर्षी पैसे मागायला एक ओळ असते. त्याच अमेरिकेची फौज १९९२ पर्यंत फिलिपाइन्समधून निघाली. तिथल्या क्लार्क आणि सुबिक या तळांच्या करारात जागा साफ करून देण्याचं बंधन नव्हतं. तळ परत मिळाले, खाली मुरलेलंही फिलिपाइन्सच्याच वाट्याला आलं.

संध्याकाळी ५.१५

अकोल्याकडची खारपाणपट्ट्यातली बोअर. मीटरचा आकडा वर पळतो. शेतकरी पाहतही नाही.

"आपलं पाणी खारं, हे का नवीन आहे?"

नवीन नाही, आणि तेच इथल्या पाण्याचं नशीब. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारेपणाला 'खारपाणपट्टा' हे नाव आहे, नकाशा आहे. राज्यानं जागतिक बँकेच्या कर्जातून 'पोकरा' हा शेतीचा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू केला, तेव्हा खारपाणपट्ट्यातली गावं त्यात त्याच नावानं आली. पाणी गोड झालं असं नाही. पण पैसा यायला पत्ता लागतो, आणि तो इथे होता. सकाळच्या विहिरीला अजून पत्ता नाही.

रात्री ९.३०

घरी. रोजच्या तपासण्या उद्या इथेच होतील. तपकिरी बाटल्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायच्या. त्यांचं दरपत्रक आलंय: एका बाटलीचा खर्च माझ्या बाकी सगळ्या तपासण्यांच्या बेरजेहून जास्त. काकांना तो सांगायचा धीर होत नाही. एक बाटली माझ्या खर्चानं पाठवायची ठरवतो. दुसरी फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागे. तिचे दिवस मोजलेले आहेत.

रिपोर्टचा छापील नमुना काढतो. ठरलेले रकाने भरले, आकडे नीट आले, की खाली ओळ उमटेल: 'तपासलेल्या घटकांपुरतं पाणी पिण्यायोग्य.' ही ओळ खोटी नसेल. पण गावात पहिले दोन शब्द गळतात, हे मला वीस वर्षांत कळलंय. जिथे रकाना नाही, तिथे लोक शून्य वाचतात.

पेन घेतो आणि छापलेल्या चौकटीच्या खाली, समासात हातानं एक ओळ वाढवतो: 'टीएनटी, आरडीएक्स: तपासलेले नाही.' शिक्का त्या ओळीच्याही खाली मारतो, म्हणजे झेरॉक्स काढताना ती कापली जाणार नाही.