वाय-फाय तुटते, लॅपटॉप अडकतो : नवा घेण्यापूर्वी

आमच्या घरात लॅपटॉप एकच. दिवसा मुलीचा अभ्यास आणि रात्री आखातात नोकरीला असलेल्या तिच्या अब्बांशी व्हिडिओ कॉल. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती, आणि नेमके त्याच संध्याकाळी वाय-फाय दर दहा मिनिटांनी तुटू लागले. मध्येच पडदाही अडकून बसे. मुलगी रडकुंडीला आली. शेजारच्या खाला म्हणाल्या, "जुना झाला, आता नवाच घ्या." अर्ज कसाबसा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरला. दुसऱ्या दिवशी मात्र शांतपणे तपासले, तेव्हा नवा लॅपटॉप घ्यायची गरजच नव्हती.

पहिला प्रश्न, दोष कुठे आहे? लॅपटॉपच्या शेजारी मोबाईल ठेवा आणि त्याच वाय-फायवर व्हिडिओ लावा. मोबाईलचेही इंटरनेट तुटत असेल तर दोष राउटरचा किंवा बाहेरच्या लाइनचा. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करा. फायबरच्या राउटरवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर घरात खटपट करू नका, कंपनीला फोन करा.

राउटर कपाटामागे किंवा फ्रीजजवळ ठेवू नका. तो उंच, मोकळ्या जागी हवा. जांभ्याच्या जाड भिंतींतून 5 गिगाहर्ट्‌झचे सिग्नल नीट पोहोचत नाहीत. लांबच्या खोलीत 2.4 गिगाहर्ट्‌झचे नेटवर्क निवडा. वेग कमी मिळतो, पण पोहोच जास्त असते. मात्र मायक्रोवेव्ह चालू असताना त्यात अडथळा येऊ शकतो.

मोबाईल नीट चालत असेल तर लॅपटॉप तपासा. आमचा दोष इथेच सापडला. वीज वाचवण्यासाठी विंडोज वायरलेसचा भाग मधूनच बंद करत होती. स्टार्ट बटनावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये वायरलेसच्या नावावर दोनदा क्लिक करा आणि 'पॉवर मॅनेजमेंट'मधील पहिल्या चौकोनातली खूण काढा. काही लॅपटॉपमध्ये हा विभाग दिसत नाही. तिथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वायरलेसचा नवा ड्रायव्हर घ्या.

पडदा अडकण्याचे कारण वेगळे निघाले. मुलगी लॅपटॉप गादीवर ठेवून बसे. त्यामुळे खालची हवेची जाळी बंद होऊन तो तापत असे. शिवाय लग्नाच्या व्हिडिओंनी डिस्क काठोकाठ भरली होती. व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले, लॅपटॉप टेबलावर आला आणि अडकणे थांबले. लॅपटॉप मंद झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटने एकत्र दाबा. कोणता प्रोग्राम जास्त मेमरी खातो ते लगेच दिसते.

एवढे करूनही तो अडकत असेल, तर आधी मुलांची प्रमाणपत्रे आणि घरातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि मगच दुकानात न्या. डिस्क खराब होत असेल तर तीही सुरुवातीला अशीच अडकते. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, हरवलेले फोटो मिळत नाहीत.

आणि हो, अर्ज शेवटच्या संध्याकाळपर्यंत ठेवू नका. हा धडा आमच्या मुलीने स्वतःच घेतला आहे.