कार्ट्रिजला अनुरूप फोनो पूर्वविवर्धकाची निवड : ध्वनिमुद्रिकांच्या अंकीकरणाच्या संदर्भात

बीजशब्द : ध्वनिमुद्रिका, कार्ट्रिज, फोनो पूर्वविवर्धक, भाररोध, धारिता, समकारी वक्र, अंकीकरण

प्रस्तावना

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्ता येथे केलेल्या ध्वनिमुद्रणापासून भारतात ग्रामोफोन तबकड्यांचे युग सुरू झाले. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर आदी कलावंतांचे गायन या तबकड्यांमुळेच पुढील पिढ्यांना ऐकावयास मिळाले. ज्या महाविद्यालयांच्या संगीत विभागांत अथवा ग्रंथालयांत असे संग्रह आहेत, तेथे त्यांचे अंकीकरण करणे अगत्याचे ठरते. प्रत्येक वादनागणिक तबकडीची खाच थोडी झिजते. त्यामुळे अंकीकरण शक्यतो एकदाच आणि अचूक व्हावे लागते. या कामी रेकॉर्ड प्लेअर व संगणक यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले जाते, परंतु त्या दोहोंमधील फोनो पूर्वविवर्धक बहुधा दुर्लक्षित राहतो. कार्ट्रिजला अनुरूप पूर्वविवर्धक कसा निवडावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. पूर्वविवर्धकाचे कार्य

फोनो पूर्वविवर्धकास तीन कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे कार्ट्रिजकडून येणारा काही मिलीव्होल्टचा क्षीण संकेत वाढवून काहीशे मिलीव्होल्टपर्यंत नेणे. दुसरे, कार्ट्रिजला योग्य विद्युत भार पुरविणे. तिसरे, ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्वरपट्टीत हेतुतः केलेला बदल उलट करून मूळ समतोल परत आणणे. मंद्र स्वरांमुळे खाचेचे हेलकावे फार रुंद होऊ नयेत म्हणून मुद्रणाच्या वेळी ते दाबले जातात. पृष्ठभागाची खरखर झाकली जावी म्हणून उच्च कंप्रता वाढविल्या जातात. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये यासाठी निश्चित केलेला 'आरआयएए' वक्र पुढे सर्वत्र रूढ झाला. वादनाच्या वेळी १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबेल वाढ व २० हजार हर्ट्झला सुमारे २० डेसिबेल घट, असे त्याचे स्वरूप आहे.

२. कार्ट्रिजचे प्रकार व लब्धीचे गणित

प्रचलित कार्ट्रिजचे मुख्य प्रकार दोन आहेत. चल-चुंबक प्रकारात सुईच्या दांडीला सूक्ष्म चुंबक जोडलेले असून तारेची वेटोळी स्थिर असतात. चल-वेटोळे प्रकारात याच्या उलट रचना असते. हलणारे वेटोळे हलके ठेवावे लागत असल्याने त्यात तारेचे फेरे थोडे असतात, आणि म्हणून त्याचा संकेत क्षीण असतो. ऑर्टोफोन २एम रेड या चल-चुंबक कार्ट्रिजचा संकेत ५.५ मिलीव्होल्ट आहे, तर डेनॉन डीएल-१०३ या चल-वेटोळे कार्ट्रिजचा केवळ ०.३ मिलीव्होल्ट आहे.

या फरकाचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. ४० डेसिबेल लब्धी म्हणजे १०० पट आणि ६० डेसिबेल म्हणजे १००० पट वाढ होय. पहिल्या कार्ट्रिजला ४० डेसिबेल लब्धी दिल्यास ५५० मिलीव्होल्ट मिळतात व ते पुरेसे असतात. दुसऱ्यास तीच लब्धी दिल्यास ३० मिलीव्होल्टच मिळतात. मग पुढील टप्प्यावर आवाज वाढवावा लागतो व त्याबरोबर गुणगुण आणि खरखरही वाढते. त्यास ६० डेसिबेल दिल्यास ३०० मिलीव्होल्ट मिळतात. मात्र तीच लब्धी पहिल्या कार्ट्रिजला दिल्यास ५.५ व्होल्ट निर्माण होऊन संकेताची शिखरे छाटली जाण्याचा धोका उद्भवतो. शिवाय कार्ट्रिजच्या माहितीपत्रकातील आकडा विशिष्ट संदर्भवेगासाठी असतो. जोरकस मुद्रणात संकेत त्याच्या चार-पाच पट होऊ शकतो आणि ओरखड्यांचे टिचके त्याहूनही मोठे असू शकतात. म्हणून लब्धीइतकीच पूर्वविवर्धकाची अतिभार सहन करण्याची क्षमता पाहणे आवश्यक ठरते.

चल-वेटोळे कार्ट्रिजसाठी रोहित्राचाही पर्याय आहे. १ : १० प्रमाणाचे रोहित्र ०.३ मिलीव्होल्टचे ३ मिलीव्होल्ट करते आणि मग चल-चुंबक प्रकारचा साधा पूर्वविवर्धक पुरतो. परंतु रोहित्र रोधाचे रूपांतर प्रमाणाच्या वर्गाने करीत असल्यामुळे पूर्वविवर्धकाचा ४७ हजार ओहमचा रोध कार्ट्रिजला ४७० ओहमइतका भासतो, हे ध्यानात ठेवावयास हवे.

३. भाराचा प्रश्न

चल-चुंबक कार्ट्रिजसाठी भाररोध ४७ हजार ओहम हे सर्वमान्य मूल्य आहे. खरी अडचण धारितेची असते. कार्ट्रिजच्या वेटोळ्यांची प्रवर्तकता मोठी असते. भुजेतील तार, जोडतार आणि पूर्वविवर्धक यांची एकत्रित धारिता तिच्याशी मिळून अनुस्पंदन घडविते. उदाहरणार्थ, ५०० मिलिहेन्री प्रवर्तकता व २०० पिकोफॅरड धारिता असल्यास अनुस्पंदन सुमारे १५,९०० हर्ट्झला होते. धारिता ४०० पिकोफॅरड झाल्यास ते सुमारे ११,२५० हर्ट्झपर्यंत खाली येते. परिणामी ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच ठळक उंचवटा निर्माण होतो व त्यापलीकडचे स्वर झपाट्याने घटतात. आवाज कर्कश वाटतो आणि दोष मात्र तबकडीला दिला जातो. सुईच्या दांडीचे यांत्रिक अनुस्पंदन विचारात घेऊनच निर्माता धारितेची मर्यादा सांगत असतो. २एम रेडसाठी ती १५० ते ३०० पिकोफॅरड आहे. तारांची धारिता या बेरजेत धरलीच पाहिजे. लांब जोडतार वापरल्यास सर्व हिशेब बिघडतो.

चल-वेटोळे कार्ट्रिजची प्रवर्तकता अत्यल्प असल्याने तेथे धारितेचा प्रभाव नगण्य असतो व भाररोध महत्त्वाचा ठरतो. सामान्यतः तो कार्ट्रिजच्या अंतर्गत रोधाच्या काही पट, बहुधा दहापटीच्या आसपास ठेवतात. भाररोध फार कमी ठेवल्यास आधीच क्षीण असलेला संकेत आणखी घटतो.

४. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा विशेष विचार

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी केवळ सुई बदलून भागत नाही. त्यांची खाच रुंद असल्याने सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते हे खरे, परंतु समकारी वक्राचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. १९२५ पूर्वीचे कर्ण्याद्वारे झालेले मुद्रण विजेच्या साहाय्याविना झालेले असल्याने त्यात विद्युत समकरण नव्हतेच. त्यानंतरच्या मुद्रणांत कंपनी व कालखंड यांनुसार वक्र बदलत गेले. अनेक तबकड्यांत उच्च कंप्रता मुळात वाढविलेल्याच नव्हत्या. अशी तबकडी आरआयएए वक्राने वाजविल्यास १० हजार हर्ट्झला संकेत जवळजवळ एकपंचमांश होतो. सारंगीची धार, तानपुऱ्याचे वरचे स्वरांश व गायकाची व्यंजने मंदावतात. मग गायकीच्या अभ्यासकाने काढलेले निष्कर्ष गायकाविषयी नसून यंत्राविषयी ठरण्याचा संभव असतो.

वक्र बदलण्याची सोय असलेला पूर्वविवर्धक येथे उपयुक्त ठरतो. त्याचप्रमाणे, या तबकड्यांची खाच आडवी हलणारी असल्याने दोन्ही वाहिन्या एकत्र केल्यास उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीच कमी होते.

५. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. प्रथम संग्रहातील तबकड्यांचा प्रकार निश्चित करावा व त्यानुसार कार्ट्रिज आणि सुई ठरवावी. नंतर कार्ट्रिजचा संकेत, अंतर्गत रोध, प्रवर्तकता व शिफारस केलेला भार यांची नोंद करावी. त्यावरून लब्धी व अतिभार-क्षमता काढावी. तारांची धारिता वजा करून पूर्वविवर्धकाची धारिता ठरवावी. शेवटी समकारी वक्राची सोय तपासावी. रेकॉर्ड प्लेअरमध्येच बसविलेला पूर्वविवर्धक सोयीचा असला, तरी त्यात लब्धी व भार बदलण्याची मुभा बहुधा नसते.

समारोप

सर्व चुका सारख्या नसतात. समकारी वक्र चुकला, पण तो कोणता होता हे ठाऊक असले, तर संगणकावर दुरुस्ती करता येते. भार चुकला आणि त्याची नोंदही नसली, तर दुरुस्ती अंदाजाने करावी लागते. अतिभारामुळे छाटलेला किंवा खरखरीत बुडालेला संकेत मात्र मूळ रूपात परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक ध्वनिफितीसोबत कार्ट्रिज, सुई, लब्धी, भार व वक्र यांची नोंद जतन करणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य मानले पाहिजे. पूर्वविवर्धकाची निवड ही म्हणूनच केवळ हौशी श्रोत्याच्या आवडीची बाब न राहता, संशोधनसाधनाच्या विश्वासार्हतेची बाब ठरते.