पाहुण्याचा दर, गावकऱ्याचा दर

३२० पौंड. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात, ओल्ड कोर्सवर २०२४ च्या उन्हाळ्यात गोल्फची एक फेरी खेळायची तर बाहेरच्या माणसाला एवढे मोजावे लागत. आपले जवळपास चौतीस हजार. फेरी म्हणजे अठरा होल आणि चारेक तासांची पायपीट. बॅग उचलायला आणि चेंडू कुठं मारायचा ते सांगायला कॅडी घेतला, तर त्याचे पन्नास पौंडांच्या वर, शिवाय बक्षिशी. काठ्या स्वतःच्या नसल्या तर त्यांचं भाडं निराळं. विमान, व्हिसा आणि मुक्काम मी यात धरलेलाच नाही.

मी इंदापूर तालुक्यातल्या सणसरचा. नोकरी सगळी भवानीनगरच्या साखर कारखान्यात, वजनकाट्यावर झाली. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं घ्यायचं, एकातून दुसरं वजा करायचं. त्यामुळे मोठा आकडा दिसला की त्यातून काय वजा होतं ते आधी बघतो. धाकट्या भावाची मुलगी सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात संशोधन करते. तिच्याकडे गेलो असताना हा दर कळला, तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो हाच, "आणि गावातल्या माणसाला किती?"

"त्यांचा वर्षाचा पास असतो, तात्या. तुमच्या दोन फेऱ्यांच्या पैशात त्यांचं वर्ष निघतं आणि वर उरतात. बाकीची मैदानंही त्यातच आली."

विद्यार्थ्यांनाही असा पास मिळतो. तिनं काढलेला नाही. तिला चेंडूपेक्षा समुद्र बघायला आवडतो.

मग मी या फरकाच्या मागंच लागलो. सतरा-अठरा हजार वस्तीचं हे गाव. समुद्र आणि शेतं यांच्यामधली वाळूची पट्टी, तिला तिथं लिंक्स म्हणतात. खारं वारं, वाळू, आखूड गवत, नांगराला निरुपयोगी. म्हणूनच ती कुणा शेतकऱ्याच्या नावावर न चढता गावाचं गायरान म्हणून राहिली. १५५२ च्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपनं ससे पाळण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला आणि गावकऱ्यांचा खेळण्याचा, गुरं चारण्याचा हक्क मान्य केला. पुढं १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं. वीसेक वर्षं हे चाललं. गायरानावरून कज्जे फक्त आपल्याकडेच होतात असं मला तोवर वाटत होतं. १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदारानं, जेम्स चीपनं, ती जागा विकत घेऊन खेळासाठी वाचवली. १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं नगरपालिकेनं ती परत गावाची केली. १९७४ पासून एक ट्रस्ट कारभार पाहतो. त्याच्याकडे आज सात मैदानं आहेत आणि उरलेला पैसा वाटून न घेता मैदानांवरच घालायचा असा दंडक आहे.

म्हणजे गावकऱ्याला सवलत मिळते ती दयेनं नव्हे. जमीन त्याची आहे. अमेरिकेतून, जपानमधून आलेला माणूस पूर्ण दर देतो, त्यावर गवत कापलं जातं, आणि तिथला सुतार, तिथली शिक्षिका त्याच गवतावर थोडक्या पैशात खेळतात.

पैसे आहेत म्हणून पाहुण्याला लगेच खेळता येतं असंही नाही. ओल्ड कोर्सला हँडिकॅपचा, म्हणजे तुम्हाला खेळता येतं याचा दाखला लागतो. आगाऊ आरक्षण मिळालं नसेल तर दोन दिवस आधीच्या सोडतीत नाव घालायचं. नंबर लागला तर लागला. टूर कंपन्या खात्रीची वेळ देतात, पण मुक्कामासकट पॅकेज करून, आणि त्याचा आकडा ऐकून मी पुढं काही विचारलं नाही.

रविवारी मात्र ओल्ड कोर्स बंद. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर त्या दिवशी तिथं कुणी खेळत नाही. लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात. मीही फिरलो, मैदानातल्या स्विल्कन पुलावर उभा राहिलो, पुतणीनं फोटो काढला. खर्च शून्य. एरवीसुद्धा पहिल्या आणि अठराव्या होलला आडवी छेदून गावची एक वाट समुद्राकडे जाते. चेंडू मारणारा थांबतो, वाटसरू जातो.

शेजारीच 'हिमालयाज' नावाचं उंचवट्यांचं हिरवं मैदान आहे. नुसतं पटिंग, चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा. १८६७ मध्ये बायकांच्या क्लबसाठी ते सुरू झालं. पाचेक पौंडांत काठी-चेंडू हातात देतात, दाखला-बिखला विचारत नाहीत. तिथं मी खेळलो. पुतणीनं हरवलं.

आता हेच गणित सणसरच्या रानात मांडून बघा. अठरा होलांना सव्वाशे एकर तरी लागतात. एकरी चाळीस टन ऊस आणि टनाला तीन हजार धरले तर वर्षाला दीड कोटीचं पीक. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर एवढं रान गवताखाली ठेवायचं म्हणजे खेळणाऱ्याकडून काय घ्यावं लागेल? तिकडं वाळू आणि पाऊस दोन्ही आयतं आहे.

जमीन कुणाची, यावरच दर ठरतो, हे अमेरिकेतही दिसतं. न्यूयॉर्कजवळचं बेथपेज ब्लॅक हे राज्य सरकारच्या उद्यानातलं मैदान. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम देत ते उभं राहिलं. आज राज्यातल्या रहिवाशाला जो दर, त्याच्या दुप्पट बाहेरच्याला. सॅन दिएगोचं टोरी पाइन्स शहराच्या मालकीचं, तिथंही शहरवासीयाला बरंच स्वस्त. सॅन दिएगोच्याच राज्यातलं, कॅलिफोर्नियातलं पेबल बीच मात्र खाजगी कंपनीचं. तिथं फेरीला सहाशे डॉलरच्या वर. जपाननं निराळीच तऱ्हा काढली आहे. तिथं गोल्फ मैदानात पाय ठेवला की रोजचा कर लागतो, जास्तीत जास्त १२०० येन. अठराच्या आतल्यांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना माफ. मला माफ झाला असता.

दोन दर आपल्याला नवे नाहीत. वेरूळला भारतीयाला ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. पण ते लेण्यांचं. गोल्फमध्ये मात्र आपण उलटे आहोत. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना. एवढा जुना खेळ असून पुण्या-मुंबईतली बहुतेक मैदानं सभासदांच्या क्लबांची नाहीतर लष्कराची. सभासदत्वाची यादी लांब, प्रवेश फी लाखांत. फाटकासमोर राहणाऱ्याला 'स्थानिक' म्हणून दर नाही. तो आत येतो तो कॅडी म्हणून. पैसे भरून कुणालाही खेळता येईल असं सिडकोचं खारघरचं मैदान हा अपवाद. उदयन मानेसारखा पुण्याचा खेळाडू टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचला, पण इंदापूर-बारामतीतल्या पोराला हा खेळ जवळून बघायलाही पुणं गाठावं लागतं.

कुणी तिकडं जाणारच असेल तर पुतणीचा सल्ला सांगतो. नोव्हेंबर ते मार्च ओल्ड कोर्सचा दर निम्म्यावर येतो. गवत जपण्यासाठी त्या काळात फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चटईचा तुकडा ठेवून त्यावरून चेंडू मारावा लागतो, थंडी हाडात शिरते, आणि दुपारी चारला अंधारतं. उन्हाळ्यातच जायचं असेल तर ओल्ड कोर्सचा हट्ट सोडावा. त्याच ट्रस्टची न्यू आणि जुबिली ही मैदानं त्याच वाळूवर आहेत आणि बरीच स्वस्त आहेत. पोरं बरोबर असतील तर नऊ होलांचं बॅल्गोव्ह. न्यू हे नाव नुसतं ऐकायला नवं. ते १८९५ सालचं आहे.