जुन्या मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडताना : एका सेकंदाचं गणित



आमच्या चकलांब्यात, म्हणजे गेवराई तालुक्यात, कापसाची वेचणी संपली की शेत मोकळं करायची घाई सुरू होते. बैलजोडी आता मोजक्या घरी उरली. त्यामुळे अनेकजण जुना, १५ ते २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतात आणि त्याला मागून रोटाव्हेटर जोडतात. आमच्या चुलत्यांनीही तेच केलं. ट्रॅक्टर जुना, रोटाव्हेटरही जुनाच, आणि मधल्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं झाकण फुटलेलं. "झाकणावाचून काय अडतंय?" म्हणून तसंच काम सुरू केलं. चालू शाफ्टजवळ वाकले आणि खांद्यावरच्या उपरण्याचं टोक त्यात गेलं. उपरणं नुसतं खांद्यावर टाकलेलं होतं म्हणून सुटून गेलं. गळ्याला गुंडाळलेलं असतं तर काय झालं असतं, ते लिहायची गरज नाही.

त्या दिवशी मी मागे बांधावरच उभा होतो. म्हणून आजचा पाठ या जोडणीवर.

आधी ओळख करून घेऊ

रोटाव्हेटर नांगरासारखा नुसता ओढला जात नाही. त्याची पाती इंजिनच्या ताकदीवर फिरतात. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने 1912 मध्ये वडिलांच्या शेतावर असे प्रयोग सुरू केले. सुरुवातीला माती बाजूला फेकली जायची. मग त्याने इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वाकलेली पाती बसवली आणि अडचण सुटली. आपल्या रोटाव्हेटरची पाती आजही तशीच आहेत.

ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार अडकवायची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने रूढ केली. खाली दोन लिंका, वर एक टॉप लिंक. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन तो हाच.

ताकद मागे नेणारा, खाचा असलेला दांडा म्हणजे पीटीओ. तो आणि रोटाव्हेटर यांना जोडतो तो शाफ्ट. आपल्या लेखातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच.

जुळतंय का ते आधी बघा

1. ताकद आणि रुंदी : १५-२० एचपीला साधारण 1 मीटरच्या आसपासचा रोटाव्हेटर झेपतो. शेजाऱ्याचा पाच फुटी मोठ्या ट्रॅक्टरसाठी असतो. तो उचलताना मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. गरज पडली तर पुढे वजन लावा.
2. हायड्रॉलिक : अवजार उचलून इंजिन बंद करा आणि बघा. लगेच खाली बसत असेल तर आधी दुरुस्ती. उचललेल्या अवजाराखाली तर कधीच जाऊ नका. लाकडी ठोकळा लावल्याशिवाय नाहीच.
3. क्लच : बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना एकच क्लच असतो. तो दाबला की चाकं आणि पीटीओ दोन्हींची ताकद तुटते. पण काहींत फिरत्या रोटाव्हेटरचा जोर उलटा गिअरबॉक्सात येतो आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर थोडा पुढे सरकतो. म्हणून बांध, विहीर, माणूस यांच्यापासून आधीच थांबायची सवय हवी.

जोडणीचा क्रम

- सपाट, कडक जागा निवडा. ट्रॅक्टर हळूहळू मागे घ्या. मागे घेताना ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही. "मी पिन धरतो, तू ये मागे" हे वाक्य घरातून हद्दपार करा.
- इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात.
- आधी डावी खालची लिंक, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. उजवी बहुधा वरखाली करता येते, म्हणून ती नंतर. पिनेला तिची क्लिपच लावा. तार किंवा खिळा नको.
- बाजूच्या साखळ्या आवळा, म्हणजे रोटाव्हेटर डुलून टायरला घासणार नाही.
- आता शाफ्ट. तो एकात एक सरकणारा असतो. अवजार वरखाली करून बघा. सगळ्यात जवळ आल्यावरही थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर शाफ्ट टेकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. सगळ्यात लांब गेल्यावर आतला भाग किमान एक तृतीयांश आत राहिला पाहिजे. लांबी जास्त असेल तर आतला आणि बाहेरचा भाग सारखाच कापावा लागतो. हे काम वर्कशॉपमधूनच करून घ्या.
- दोन्ही टोकांचं लॉक 'टक' करून बसलं का, हाताने ओढून खात्री करा. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत हवेत. नाहीतर शाफ्ट थरथरतो.
- क्रॉसला ग्रीस, गिअरबॉक्सात ऑइल, पात्यांचे बोल्ट घट्ट. शाफ्टचं झाकण अखंड आणि त्याच्या साखळ्या अडकवलेल्या. फुटलं असेल तर नवं आणा. रोटाव्हेटरच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते.

पहिली चाचणी जमिनीपासून वीतभर उचलून, कमी रेसवर घ्या. आवाज ऐका. मग हळूहळू पुढे जात खाली टेकवा. वळण घेताना किंवा जास्त उचलताना पीटीओ बंद करा. जमीन वाफशावर असतानाच चालवा. आपल्या काळ्या मातीत ओल जास्त असेल तर पात्यांवर लगदा बसतो. दरवर्षी एकाच खोलीवर रोटाव्हेटर मारला तर खाली कडक थर तयार होतो, तेव्हा अधूनमधून खोल नांगरटही हवी.

एका सेकंदाचं गणित

आता वर्गात या. विज्ञानात 'साधी यंत्रे' हा विषय असतो. त्याच्या जोडीला हे उदाहरण द्या. पाचवीची मुलंसुद्धा सोडवतात.

पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे. म्हणजे 540 ÷ 60 = सेकंदाला 9 फेरे. दांड्याचा व्यास साधारण 35 मिलिमीटर. तेवढ्या जाडीची काठी घ्या, दोरा एकदा गुंडाळून मोजा. साधारण 11 सेंटिमीटर भरतो. आता 11 × 9 = 99. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 1 मीटर कापड गुंडाळलं जातं. शाफ्टचा जाड भाग तर याहून जास्त ओढतो.

दोन मीटरचं उपरणं किंवा ओढणी दोन सेकंदांत संपते. मग मुलांना "अहो, थांबवा!" असं ओरडायला सांगा, आणि ऐकून चालकाने क्लचवर पाय नेईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. माझ्या वर्गात ही कृती झाली तेव्हा नेहमी गोंधळ घालणारी मुलं एकदम गप्प झाली होती. उत्तर त्यांनी स्वतः काढलं होतं ना!

घरी पाळायचे चार नियम

1. मडगार्डवर मूल बसवायचं नाही, "एकच चक्कर" म्हणूनसुद्धा नाही. धक्क्याने मागे पडलं तर खाली फिरती पातीच असतात.
2. ओढणी, साडीचा पदर, उपरणं, सैल बाही, मोकळे केस शाफ्टपासून लांब.
3. पऱ्हाट्या किंवा ठिबकच्या नळ्या पात्यांत गुंतल्या तर आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. पाती पूर्ण थांबली की मगच हात घाला.
4. चालू शाफ्ट ओलांडायचा नाही. वळसा घालून जा.

पालकहो, हे नियम मुलांना सांगा, पण त्याआधी स्वतः पाळा. मुलं आपलं ऐकतात त्यापेक्षा आपल्याकडे बघतात जास्त. आमच्या चुलत्यांनी दुसऱ्याच दिवशी नवं झाकण बसवलं. आता ट्रॅक्टरवर बसण्याआधी ते उपरणं काढून बांधावरच्या लिंबाला अडकवतात. ते बघून घरातली लहान पोरंही बांधावरच थांबतात.

शिक्षक मित्रांनो, हे गणित या आठवड्यात वर्गात जरूर घ्या आणि गृहपाठ म्हणून एकच प्रश्न द्या : "आपल्या किंवा शेजारच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला झाकण आहे का, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून या."