नीला-गाळणी असलेल्या रुग्णांतील हृदय-नलिकाप्रवेशन

कॅथेटर ही बारीक, लवचिक नळी रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेऊन तेथील दाब मोजणे, रक्ताचे नमुने घेणे अथवा उपचार करणे यास हृदय-नलिकाप्रवेशन म्हणतात. जर्मन वैद्य व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हातातील नीलेतून अशी नळी हृदयापर्यंत नेली. या क्षेत्रातील कार्याबद्दल १९५६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासमवेत विभागून मिळाले.

पायातील खोल नीलांत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुस-रोहिणीत अडकल्यास मृत्यू ओढवू शकतो. रक्तस्रावाच्या भीतीने गुठळीविरोधी औषधे देता येत नसल्यास अधोमहानीलेत, बहुधा वृक्क-नीलांच्या खाली, धातूची गाळणी बसवितात. शंकूच्या आकाराची ग्रीनफील्ड गाळणी १९७३ मध्ये प्रचारात आली. छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या तिच्या तारा गुठळी अडवितात व रक्त वाहू देतात.

जांघेतील नीलेतून उजव्या हृदयाकडे जाणारी वाट या तारांमधूनच जाते. तेथून नळी नेताना गाळणी सरकण्याचा, तीत अडकलेली गुठळी सुटण्याचा किंवा वाकड्या टोकाची मार्गदर्शक तार तीत गुंतण्याचा संभव असतो. डाव्या हृदयाची व हृद्-रोहिण्यांची तपासणी मात्र मनगटातील अथवा जांघेतील रोहिणीतून होते. तिचा गाळणीशी संबंध येत नाही, म्हणून केवळ गाळणी आहे एवढ्यावरून अँजिओग्राफी नाकारणे योग्य नव्हे.

उजव्या बाजूसाठी मानेतील वा हातातील नीला श्रेयस्कर ठरते. तेथूनही तार फार खोल गेल्यास ती उजवे अलिंद ओलांडून गाळणीत अडकू शकते. अशी तार जोराने न ओढता क्ष-किरण दर्शनाखाली सोडवावी लागते. संधिज्वराने अरुंद झालेली द्विदल झडप फुग्याने रुंदावण्यासाठी नेहमीची वाट जांघेतील नीलेची असते. तीच घेणे भाग पडल्यास प्रथम रंजकद्रव्य सोडून अधोमहानीलेचे क्ष-किरण चित्र घेतात आणि गाळणीत गुठळी दिसल्यास ती वाट सोडून देतात.

पुष्कळदा गाळणी असल्याचे वैद्यास ठाऊकच नसते. जुन्नर वा आंबेगाव तालुक्यातील रुग्णाची गाळणी पुण्यात बसविली गेली असेल, पुढील उपचार कित्येक वर्षांनी अन्यत्र होतील आणि दरम्यान कागद हरवले असतील. रुग्णास ‘पोटात जाळी बसविली’ एवढेच आठवते व ऐकणारा ती हृद्-रोहिणीतील जाळी समजतो. अशा वेळी पोटाचे साधे क्ष-किरण चित्र पुरते, कारण धातूची गाळणी त्यात स्पष्ट दिसते. हे चित्र पुण्यास न जाता तालुक्यातही काढता येते. काढता येण्याजोगी गाळणी गरज संपल्यावर काढण्याचा विचार करावा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये सुचविले. बहुतेक प्रकारांत ती मानेतील नीलेतून बाहेर काढतात.