नुसतं उभं राहिलं तरी पाय का दुखतात?

तरावीहच्या नमाजनंतर पोटऱ्या दुखतात, ही तक्रार रमजानमध्ये आपल्या बहुतेक घरांत ऐकू येते. फार चाललो नाही, ओझं उचललं नाही, बराच वेळ उभे तेवढे होतो. मग पाय का दुखावेत? कारण उभं राहणं ही विश्रांती नाही. त्यात शरीराचं काम सतत चालू असतं.

मोठ्या माणसाच्या शरीरात 206 हाडं असतात, पण हाडं स्वतःहून उभी राहत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा आठवा. तो हुकाला टांगलेला आणि तारांनी जोडलेला असतो. तारा काढल्या तर खाली नुसता ढीग पडेल. आपल्या शरीरात हे तारांचं काम अस्थिबंध करतात, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. टाचेच्या वर हाताला जाड दोरीसारखी लागते, ती शरीरातली सर्वांत जाड कंडरा. (आपल्याकडे या सगळ्यालाच ‘नस’ म्हणतात, ते वेगळं.)

सरळ उभं असताना शरीराचा भार खुब्याच्या सांध्याच्या किंचित मागून जातो, त्यामुळे धड मागे झुकू पाहतं. त्याला सांध्याच्या पुढच्या बाजूचा एक अस्थिबंध अडवतो. हा शरीरातला सर्वांत मजबूत अस्थिबंध मानला जातो. गुडघा सरळ झाला की जणू कुलूप लागतं आणि मांडीच्या स्नायूंना थोडा आराम मिळतो. घोट्याला मात्र असं कुलूप नाही. तिथे भार सांध्याच्या पुढे पडतो, म्हणजे आपण सारखे पुढे कलत असतो आणि पोटरीचे स्नायू आपल्याला मागे ओढत असतात. तरावीहनंतर दुखतात ते हेच.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून मांडवाचा खांब जसा चारी बाजूंच्या दोरांनी ताणून धरतात, तसे पोटाचे आणि पाठीचे स्नायू मिळून कण्याला धरून ठेवतात.

कोणता दोर कधी ताणायचा, हे मेंदू ठरवतो. त्याला खबर मिळते ती डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या भागाकडून, तळपायांकडून आणि सांध्यांकडून. पाय जुळवून डोळे मिटून उभे राहा, शरीर डुलताना जाणवेल. (बुजुर्गांनी हे करून पाहू नये.) सेहरीला उठताना अंधारात तोल जातो, त्याचं एक कारण हेच.

आता घरातल्या दादी-नानींबद्दल. ‘तुम्ही उठू नका, आम्ही आणून देतो,’ असं आपण प्रेमाने म्हणतो. पण न वापरलेला स्नायू झिजतो आणि भार न पडलेलं हाड ठिसूळ होत जातं. अंतराळवीरांना पायांवर उभं राहावं लागत नाही, तर त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण 1 टक्का किंवा त्याहून थोडी जास्त घटते. म्हणून त्यांना तिथे रोज व्यायाम करावा लागतो. घरातही तेच होतं. मांडीचे स्नायू ढिले पडले की जमिनीवरून उठताना तोल जातो आणि एका पडण्यात खुबा मोडू शकतो. त्यानंतर अनेक बुजुर्गांना पहिल्यासारखं चालता येत नाही.

गुडघ्यांच्या त्रासामुळे नमाजसाठी खुर्ची लागत असेल तर ती जरूर घ्यावी. पण नमाजपुरती आणलेली खुर्ची दिवसभराची होऊ नये. डॉक्टरांची हरकत नसेल तर अब्बा-अम्मींना खुर्चीवरून हळूहळू उठायला-बसायला लावा. सुरुवातीला पाच वेळाही चालेल, पण शेजारी कुणीतरी उभं राहा. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली असू द्या. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा आणि रात्री तिथपर्यंत दिवा राहू द्या. उठल्याबरोबर चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असं होतं.